‘आत्ता नको’ म्हणणाऱ्या आमदाराचं काय करायचं?

तुमचा प्रश्न काल रात्री वाचला आणि आज कोर्टात जायच्या आधी पुन्हा वाचला. बाकीच्यांसाठी तो थोडक्यात सांगतो. तुम्ही सव्वीस वर्षांचे आहात, गे आहात, तालुक्याच्या गावी राहता. तिथल्या आमदारांचं सोशल मीडियाचं काम तीन वर्षं सांभाळताय. त्यांना तुमच्याबद्दल ठाऊक आहे. वहिनीसाहेब तुम्हाला जेवल्याशिवाय सोडत नाहीत, दिवाळीला घरच्या मुलांबरोबर तुमचेही कपडे येतात. पण जून महिन्यात प्राइडची, म्हणजे आपल्या समलिंगी-तृतीयपंथी समूहाच्या अभिमान महिन्याची, एक साधी पोस्ट टाकू का, असं विचारलं की उत्तर ठरलेलं: “आत्ता नको.” आधी लोकसभा होती, मग विधानसभा, मग नगरपालिका. समूहातले ज्येष्ठही म्हणतात, धीर धर. तुम्ही विचारलंय, “हा सावधपणा की भित्रेपणा? आणि मी किती थांबायचं?” आणि शेवटी एक ओळ लिहिलीय, “कधी कधी वाटतं, उघड विरोध करणारे परवडले, निदान ते आपलं नाव तरी घेतात.” त्या ओळीने मला रात्री झोप लागू दिली नाही.

मी पुण्यात वकिली करतो. सनद मिळून सव्वीस वर्षं झाली, म्हणजे तुमचं वय तेवढी माझी वकिली. समलिंगी माणसांची आणि तृतीयपंथीयांची कामं पहिल्यापासून करत आलोय आणि त्यापायी पुढाऱ्यांच्या बंगल्यांवर, मंत्रालयात, पोलिस आयुक्तालयात चपला झिजवल्यात. मी स्वतः गे आहे.

सावध की भित्रे, याचं उत्तर आमदारांच्या मनात आहे आणि ते तुम्हाला मिळणार नाही. कदाचित त्यांनाही ते नीट माहीत नसेल. पुढाऱ्याचं मन ओळखायचा नाद मी केव्हाच सोडला. मी दोनच गोष्टी बघतो. थांबायच्या काळात काही काम चाललंय का? आणि या थांबण्याची किंमत कोण मोजतंय? काम चालू असेल तर मी तो सावधपणा सोसतो, प्रसंगी त्याला साथही देतो. काहीच चालू नसेल तर तो नकार असतो, कितीही मायेने दिलेला असला तरी.

हे मला समलिंगी संबंधांना गुन्हा ठरवणाऱ्या कलम ३७७ ने शिकवलं, म्हणून आधी ते सांगतो.

१८६० च्या दंड संहितेतल्या या कलमाला न्यायालयात पहिलं आव्हान मिळालं १९९४ मध्ये. तिहार तुरुंगात कैद्यांना कंडोम द्यायचे की नाही यावरून वाद पेटला होता, तेव्हा एड्स भेदभाव विरोधी आंदोलन ही संघटना दिल्ली उच्च न्यायालयात गेली. ती याचिका वर्षानुवर्षं पडून राहिली आणि शेवटी निघून गेली. मग २००१ मध्ये नाझ फाउंडेशनची याचिका आली. तिची भाषा सार्वजनिक आरोग्याची होती: कलमाच्या धाकाने माणसं लपतात आणि लपलेल्या माणसांपर्यंत एचआयव्हीचं काम पोचत नाही. मी तेव्हा तुमच्याच वयाचा होतो. मला ती भाषा झोंबली होती. आम्ही प्रेम करतो, आमचं आयुष्य आहे, असं सरळ लिहायचं सोडून रोगाच्या आडून का बोलायचं?

पण त्याच वर्षीच्या जुलैत लखनौमध्ये एचआयव्हीचं काम करणाऱ्या कार्यकर्त्यांना पोलिसांनी उचललं. नुसत्या जनजागृतीच्या कामासाठी ते दीड महिन्याहून जास्त तुरुंगात राहिले. अशा दिवसांत ‘स्वतःच्या नावाने याचिका करा’ असं कोण कुणाला सांगणार होतं? ती सावध भाषा बरोबर होती, हे मला पुढे पटलं. तिची किंमतही मोजावी लागली, हेही खरं. २००४ मध्ये उच्च न्यायालयाने याचिका फेटाळताना हेच कारण दिलं: संस्था स्वतः या कलमाने बाधित नाही, हा नुसता तात्त्विक वाद आहे. म्हणजे नाव घेऊन कुणी उभं राहिलं नाही म्हणून दार बंद. २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने प्रकरण परत पाठवलं, मग खरी सुनावणी झाली आणि २ जुलै २००९ ला निकाल लागला: प्रौढांचे संमतीचे संबंध गुन्हा नाहीत. खंडपीठावर न्यायमूर्ती एस. मुरलीधर होते आणि आपल्या सोलापूरचे न्यायमूर्ती अजित प्रकाश शहा.

त्या काळात केंद्र सरकार काय करत होतं? २००८ मध्ये गृहखातं म्हणत होतं कलम हवंच, आणि त्याच सरकारचं आरोग्यखातं म्हणत होतं हे कलम आमच्या कामात आडवं येतंय. एकाच सरकारची दोन तोंडं, एकाच न्यायालयात. निकाल लागल्यावर मात्र सरकारने अपील केलं नाही. अपिलात गेले ते खासगी लोक आणि धार्मिक संस्था. २०१८ मध्येही, संमतीने होणाऱ्या संबंधांचा प्रश्न आम्ही न्यायालयाच्या विवेकावर सोडतो, असंच केंद्राने सांगितलं. सरकारं वेगळी, पक्ष वेगळे, पण दोन्ही वेळा कुणी आपला हात धरला नाही, फक्त वाटेतून बाजूला झाले. आणि त्याने मदत झाली, हे मला मान्य करावं लागतं. पुढाऱ्याचं गप्प बसणं दर वेळी आपल्या मुळावरच येतं असं नाही.

मुळावर आलं ते मधल्या काळात. ११ डिसेंबर २०१३. मी शिवाजीनगर कोर्टाच्या आवारात होतो, हातात कपभर चहा आणि कानाला फोन. सर्वोच्च न्यायालयाने दिल्लीचा निकाल फिरवला होता. समलिंगी माणसं लोकसंख्येत अगदीच थोडी, दीडशे वर्षांत दोनशेही खटले नाहीत, आणि कायदा बदलायचा तर तो संसदेने बदलावा. तो चहा मी प्यायलो की टाकला, आठवत नाही. दुपारी एका जामिनाच्या अर्जावर उभा राहिलो तेव्हा एक विचार मनात येऊन गेला: आज सकाळपासून मीही पुन्हा गुन्हेगार झालोय आणि अंगात काळा कोट घालून न्यायाधीशांसमोर उभा आहे.

आता एक बंगल्यावरची गोष्ट. जानेवारी २०१४. लोकसभेची निवडणूक तोंडावर होती. मी आणि संस्थेतली एक मुलगी एका बड्या नेत्याला भेटायला गेलो. त्यांनी आम्हाला आतल्या खोलीत बसवलं, दार लावून घेतलं आणि पाऊण तास ऐकून घेतलं. मग म्हणाले, “माझ्या आत्याचा मुलगा असाच होता. लग्न लावून दिलं आम्ही. सहा महिन्यांत विहीर जवळ केली त्याने.” त्यांचे डोळे भरले होते. ते नाटक नव्हतं, आजही मी तसं म्हणणार नाही. पण पुढचं वाक्य हेच: “संसदेत बोला म्हणू नका मला. निवडणूक होऊ द्या.” बाहेर पडताना पीए धावत आला. “वकीलसाहेब, फोटो तेवढा नको.”

मी निघता निघता एकच गोष्ट मागितली होती. म्हटलं, भाषण नको, पण आता पोलिस ३७७ च्या नावाखाली पोरांना लुबाडतील, त्याचं काहीतरी करा. त्यांनी आमच्यासमोर एका वरिष्ठ अधिकाऱ्याला फोन लावला: अशी प्रकरणं आली तर परस्पर गुन्हा दाखल करायचा नाही, आधी वर विचारायचं. अधिकाऱ्याने ‘हो साहेब’ म्हटलं आणि काही महिने खरंच फरक पडला. मग त्या अधिकाऱ्याची बदली झाली आणि त्यांच्या खुर्चीबरोबर तो शब्दही गेला. कागदावर एक अक्षर नव्हतं.

तिथे मी चुकलो. बंद दाराआड मिळालेलं आश्वासन वाईट नसतं, पण ते लेखी करून घ्यायचं असतं. भाषणापेक्षा सही मागावी, हे मी त्या दिवसानंतर शिकलो, आणि तेवढ्यात एका पोराला त्याची किंमत मोजावी लागली.

२०१५ साली एक मुलगा माझ्याकडे आला. आयटी कंपनीत नोकरीला, गावाकडे आईवडील. ॲपवर कुणाशी ओळख झाली, भेटायला गेला, तर खोलीत दोघे निघाले. एकाने व्हिडिओ काढला. मग दर महिन्याला पैशाची मागणी. त्याने माझ्यासमोर वही ठेवली. घरखर्चाची वही होती, आई गावाहून आली की ती चाळायची, म्हणून त्याने खंडणीच्या रकमा वेगळ्या नावांनी लिहिल्या होत्या. ‘गॅस – ५,०००’. ‘गाडी दुरुस्ती – १२,०००’. ‘चष्मा – ८,०००’. एकाच महिन्यात दोन वेळा चष्मा. बेरीज दीड लाखाच्या घरात गेली होती.

तो म्हणाला, तक्रार करूया. मी म्हटलं, आत्ता नको.

होय, तेच शब्द. खंडणीचं कलम होतं, पण तक्रारीत काय झालं ते सांगावं लागणार, आणि ते सांगितलं की ३७७ खाली तोच आरोपी होऊ शकत होता. व्हिडिओ हाच पुरावा ठरला असता. वकील म्हणून माझा सल्ला त्या दिवशी चूक नव्हता, आजही तसाच दिला असता. पण माझ्या सावधपणाचे पैसे त्याच्या खिशातून गेले. त्याने मोटारसायकल विकली, नोकरी सोडली, शहर बदललं. सप्टेंबर २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने संमतीच्या संबंधांना ३७७ मधून मोकळं केलं, तेव्हा तो पुन्हा आला. “सर, आता करूया का?” तोवर नंबर बंद झाले होते, खाती बंद होती, माणसं गायब. डिसेंबर २०१३ ते सप्टेंबर २०१८, चार वर्षं नऊ महिने. संसदेने बदलावं म्हणून न्यायालय थांबलं, निवडणूक होऊ दे म्हणून संसद थांबली, आणि मधल्या काळात ती वही भरत गेली.

संसद थांबली म्हणजे काय, तेही आकड्यांत सांगतो. १८ डिसेंबर २०१५ ला शशी थरूर यांनी ३७७ मध्ये दुरुस्ती करणारं खासगी विधेयक लोकसभेत मांडायची परवानगी मागितली. नुसतं मांडायची, मंजुरी पुढची गोष्ट. बाजूने २४ मतं, विरोधात ७१. मार्च २०१६ मध्ये पुन्हा प्रयत्न केला, तेव्हा बाजूने १४ आणि विरोधात ५८. मला विरोधातल्या ७१ जणांचा राग फारसा येत नाही. ते आले, त्यांनी बटण दाबलं. पण सभागृह साडेपाचशेच्या आसपास सदस्यांचं. बाकीचे चारशेहून जास्त कुठे होते? त्यांत असे किती असतील ज्यांनी आपापल्या बंगल्यावर कुणाला तरी आतल्या खोलीत बसवून चहा पाजला होता? तुमची ती शेवटची ओळ वाचताना मला हे चारशे आठवले.

इथे थोडं थांबून एक गोष्ट मोकळेपणाने सांगायला हवी. तुमच्या आमदारांना खरंच किती धोका आहे, हे मला पुण्यात बसून कळणार नाही. मतदारसंघ राखीव आहे का, गेल्या वेळी किती मतांनी निवडून आले, विरोधक कोण, गावात कुठल्या महाराजांचं वजन आहे, यावर ते ठरतं. शिवाय तुम्ही घरी सांगितलंय की नाही ते प्रश्नात नाही. तुमचा पगार आमदारांकडून येतो, हेही विसरून चालणार नाही. पुण्यात स्वतःच्या घरात राहणाऱ्या माझ्यासारख्या वकिलाने तालुक्याच्या गावातल्या पोराला ‘बिनधास्त बोल’ म्हणून सांगणं बेजबाबदारपणाचं ठरेल. म्हणून धीट व्हा, असा सल्ला मी देणार नाही. धीट व्हायची पाळी आली तर ती त्यांची, तुमच्याआधी.

पण धोका असतोच म्हणून कुणी काही करत नाही, हेही खरं नाही. १९३४ ची गोष्ट. र. धों. कर्व्यांवर ‘समाजस्वास्थ्य’ मासिकातल्या मजकुरावरून अश्लीलतेचा खटला भरला गेला. मजकूर काय, तर वाचकांनी विचारलेले लैंगिक प्रश्न आणि त्यांना दिलेली सरळ उत्तरं. समलिंगी संबंधांचा विषयही त्यात होता. कर्व्यांचं वकीलपत्र घेतलं बाबासाहेब आंबेडकरांनी. पुणे करार होऊन दोन वर्षंही झाली नव्हती, देशभरातले टीकाकार त्यांच्यावर टपलेले होते. ज्याला राजकीय नुकसानाचा हिशोब मांडायचा होता त्याने हे वकीलपत्र हातातही धरलं नसतं. खटला ते हरले, कर्व्यांना दंड झाला. मी नव्या वकिलांना ही गोष्ट सांगतो ती त्या हरण्यापायीच सांगतो. हरलेल्या खटल्याच्या कागदांवरही कोण कुणाच्या बाजूने उभं होतं ते लिहिलेलं राहतं.

पक्षावर फार विसंबू नका, हेही सांगून ठेवतो. २०२० मध्ये महाराष्ट्रात राष्ट्रवादी काँग्रेसने आपल्या समूहासाठी एलजीबीटी सेल काढला. २०२२ मध्ये सुप्रिया सुळे यांनी समलिंगी विवाहासाठी विशेष विवाह कायद्यात दुरुस्ती सुचवणारं खासगी विधेयक लोकसभेत मांडलं. पुढच्या वर्षी विवाहाच्या हक्काची सुनावणी सर्वोच्च न्यायालयात आली, तेव्हा केंद्राने ही मागणी शहरी उच्चभ्रूंची आहे असं लेखी म्हटलं आणि राज्यांनाही मत विचारलं. सात राज्यांनी कळवलं. विरोध कुणी केला बघा: आसाम, आंध्र प्रदेश आणि राजस्थान. तिन्ही ठिकाणी वेगवेगळ्या पक्षांची सरकारं होती, राजस्थानात काँग्रेसचं. त्याच काँग्रेसने पुढच्या वर्षी लोकसभेच्या जाहीरनाम्यात, व्यापक चर्चा करून आपल्या जोडप्यांच्या नात्यांना कायदेशीर मान्यता देऊ, असं लिहिलं. आणि आपला महाराष्ट्र? महाराष्ट्राने वेळ मागितला. उत्तर प्रदेश, मणिपूर, सिक्कीम यांच्याबरोबर. तुमचे आमदार म्हणतात तेच शासनाने न्यायालयाला कळवलं: आत्ता नको. १७ ऑक्टोबर २०२३ ला निकाल लागला, विवाहाचा मूलभूत हक्क नाही, पुढचं संसदेने आणि सरकारच्या समितीने बघावं. ते मागितलेल्या वेळेत पुढे काय केलं, असं शासनाला विचारलेलं मी कुणा आमदाराच्या तोंडून ऐकलेलं नाही.

आता तुमच्या कामाचं. तुम्ही त्यांच्याकडे पोस्ट मागताय. माझं मत, पोस्ट मागणं सोडा. पोस्टमध्ये त्यांना सगळा धोका आणि तुम्हाला दिवसभराचं समाधान. शिवाय निवडणूक आली की ती डिलीट होते. असं काहीतरी मागा जे त्यांना गाजावाजा न करता करता येईल आणि एकदा झालं की पुसता येणार नाही.

२०२४ च्या ऑगस्ट-सप्टेंबरात केंद्र सरकारने त्या समितीच्या निमित्ताने काही सूचना काढल्या. समलिंगी जोडीदारांना रेशनकार्डासाठी एकाच घरातले धरावं. बँकेत जोडखातं उघडायला आणि जोडीदाराला नॉमिनी करायला आडकाठी नाही. जवळचे नातेवाईक नसतील तर जोडीदाराला पार्थिव ताब्यात घेता यावं. कागदावर आहे, पण तालुक्याच्या पुरवठा निरीक्षकाला विचारा, त्याने ते वाचलंय का. माझ्याकडच्या एका जोडप्याला तहसीलमध्ये सांगितलं गेलं, “एका कार्डावर दोन कुटुंबप्रमुख कसे?” आमदाराच्या लेटरहेडवर तहसीलदारांना चार ओळींचं पत्र गेलं तर: केंद्राच्या सूचनेची तालुक्यात अंमलबजावणी कशी चालू आहे, कळवावं. त्यात ‘गे’ शब्द मोठ्याने उच्चारायची वेळसुद्धा येत नाही. आमदार रोज अशी पन्नास पत्रं देतात.

दुसरं, अधिवेशन. आमदाराच्या हातात तारांकित प्रश्न असतो. समलैंगिकता ‘बरी’ करून देतो म्हणणारे उपचार हे व्यावसायिक गैरवर्तन आहे, असं राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने २०२२ मध्ये राज्यांच्या वैद्यक परिषदांना कळवलं. तेव्हापासून महाराष्ट्रात अशा किती तक्रारी आल्या, किती डॉक्टरांवर कारवाई झाली? एवढा एक प्रश्न. शासनाला लेखी उत्तर द्यावं लागतं, ते छापलं जातं आणि कायमचं राहतं. उत्तर ‘निरंक’ आलं तरी त्या निरंकाचा उपयोग पुढे न्यायालयात होतो, हे मी अनुभवाने सांगतो.

तिसरं पोलिसांचं. ॲपवरून गाठून लुबाडणं आजही चालू आहे, तालुक्याच्या गावात जास्तच. आता तक्रारदाराला ३७७ ची भीती नाही आणि खंडणीसाठी भारतीय न्याय संहितेचं कलम ३०८ आहे. तरी पोरं ठाण्यात जात नाहीत, कारण हवालदार पहिला प्रश्न विचारतो, “तू तिथे कशाला गेला होतास?” आमदारांनी पोलिस उपअधीक्षकांबरोबर एक बैठक लावावी, तक्रारदाराचं नाव गुप्त ठेवण्याबद्दल लेखी सूचना ठाण्यांना जावी. लेखी. माझा तो फोनचा अनुभव विसरू नका.

एक उदाहरण आणखी देतो, म्हणजे गप्प बसल्याने काय हातचं जातं ते कळेल. १ जुलै २०२४ ला नवी न्याय संहिता आली आणि तिच्यात ३७७ पूर्णच वगळलं गेलं. संमतीच्या संबंधांपुरतं ते २०१८ मध्येच मोडीत निघालं होतं. पण पुरुषावर किंवा तृतीयपंथी व्यक्तीवर जबरदस्ती झाली तर लावायला मुख्य कलम तेच होतं, तेही गेलं. हा धोका संसदेच्या स्थायी समितीने आधीच लेखी सांगितला होता, आमच्या लोकांनीही. सुधारणा एका वाक्याची होती. पण त्या वाक्यासाठी सभागृह अडून बसलं नाही. आता असा पीडित माझ्या ऑफिसात येतो तेव्हा मी दुखापतीची, कोंडून ठेवल्याची कलमं जुळवत बसतो आणि त्याला बलात्कार हा शब्द मला तक्रारीत लिहिता येत नाही.

तुमच्या वैतागाबद्दल. ज्येष्ठ तुम्हाला धीर धर म्हणतात, त्यांच्यावर रागवू नका, पण त्यांचं सगळं ऐकूही नका. त्यांनी लखनौ बघितलंय, ३७७ चे दिवस काढलेत, त्यांच्या सावधपणाला अर्थ होता. पण २००१ ची याचिका आणि २०१६ ची याचिका शेजारी ठेवून बघा. २००१ मध्ये संस्था पुढे होती आणि माणसं मागे. २०१६ मध्ये नवतेज जोहर आणि आणखी चौघे स्वतःच्या नावाने सर्वोच्च न्यायालयात गेले: आम्ही समलिंगी आहोत, हा कायदा आमच्यावर आहे. मधल्या काळात आईवडीलही न्यायालयात आले, आमच्या मुलांना गुन्हेगार म्हणू नका म्हणत. माझ्या बघण्यात, २०१३ च्या निकालाने जो संताप उसळला त्यानेच कितीतरी माणसांना उंबरठ्याबाहेर आणलं. वैताग नसता तर ती नावं आली नसती.

पण संतापाला सांभाळावं लागतं, हेही बघितलंय. फेब्रुवारी २०२० मध्ये मुंबईच्या प्राइड मोर्चाला ऑगस्ट क्रांती मैदानाची परवानगी नाकारली गेली, नागरिकत्व कायद्यावरून वातावरण तापलेलं होतं. आझाद मैदानावर मेळावा झाला, तिथे काही घोषणा दिल्या गेल्या आणि पन्नासएक जणांवर थेट राजद्रोहाचा गुन्हा दाखल झाला. आयोजकांनी त्या घोषणांपासून स्वतःला वेगळं केलं. त्यावरून समूहात जी कटुता आली ती अजून पूर्ण गेलेली नाही. माझं मत तेव्हाही हेच होतं: घोषणा पटली नाही तर आत बसून भांडा, पण आपल्या पोरांना पोलिसांसमोर एकटं सोडायचं नाही. कारण त्या दिवशी सावध कोण आणि भडक कोण, एवढंच लोकांच्या लक्षात राहिलं. मैदान कुणी नाकारलं ते सगळे विसरले.

तेव्हा किती थांबायचं, याचं माझं उत्तर असं. तुम्ही त्यांना तारीख द्या. पोस्टची तारीख नको, पत्राची. ‘साहेब, पुढच्या अधिवेशनाच्या आधी ही तीन कामं,’ एवढंच म्हणा. झाली, तर जाहीर बोलण्यासाठी त्यांना आणखी वेळ द्या, अगदी पुढच्या निवडणुकीपर्यंतही द्या, मी देईन. यातलं एकही झालं नाही, तर तुम्हाला उत्तर मिळालं असं समजा आणि त्यांचं काम सोडायचं की पगारापुरतं करायचं ते शांतपणे ठरवा. वहिनीसाहेबांच्या हातचं जेवण खरं आहे, दिवाळीचे कपडे खरे आहेत. पण आपलेपणाने वागवलं म्हणून आपला हक्क मागायचा नाही, ही अट त्यात कधी शिरली ते आपल्या लक्षातही येत नाही. माझ्याही आलं नव्हतं.

एकटे जाऊ नका. पगार घेणाऱ्याने एकट्याने मागितलं की ते वैयक्तिक गाऱ्हाणं ठरतं. तालुक्यातली एखादी महिला संघटना, एखादे निवृत्त शिक्षक, शक्य असेल तर कुणाची तरी आई, असे तिघे-चौघे घ्या. घरी सांगितलं नसेल तर अर्जावर तुमची सही नको, त्यांची असू दे. जाताना अर्जाच्या दोन प्रती न्या. आमदारांच्या कार्यालयात आवक नोंदवही असते, दुसऱ्या प्रतीवर आवक क्रमांक आणि तारखेचा शिक्का मारून घ्या. पीए म्हणेल, “तुमचंच ऑफिस आहे, शिक्का कशाला?” हसून म्हणा, असू द्या. महिनाभरात तहसीलला पत्र गेलं नाही तर तहसील कार्यालयात माहितीच्या अधिकारात दहा रुपयांचा अर्ज टाका: केंद्राच्या या सूचनेवर काय कारवाई झाली. तीस दिवसांत उत्तर द्यावं लागतं. त्या अर्जाचा मसुदा मी करून देतो. रेशनकार्डाचं जे जोडपं मघाशी सांगितलं, त्यांच्यासाठी केलेला माझ्याकडे तयारच आहे, फक्त तालुक्याचं नाव बदलायचं.